कोरियावाल्याच्या हातचं

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला मी शहाणा वाटणार नाही. वाशीमच्या धान्य मार्केटात, बैलगाड्यांच्या मधोमध उभं राहून, मी शेतकऱ्यांना आणि हमालांना मोठ्यानं सांगितलं होतं की कोरिया भोजनालयाचा मालक आमच्यातला नाही, त्याच्या हातचं खायला काही हरकत नाही. हे मी बोललो. माझ्या बापानं धर्मांतराच्या वर्षी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते आणि त्यापायी गावाचा अबोला सोसला होता. त्या बापाचा मुलगा भर बाजारात असं बोलला.

चांगल्या हेतूनं बोललो, असं पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण त्या हेतूत काय काय मिसळलेलं होतं ते मला आजही नीट निवडता येत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमचं गाव किन्हीराजाच्या पलीकडे, एसटी जिथं वळते तिथून पायी. मी मास्तरकीचं शिक्षण घ्यायला वाशीमला आलो होतो. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. अकोल्याचे लोक त्याला खेडं म्हणत असतील. मला मात्र ते एवढं मोठं शहर वाटे की पहिले काही आठवडे मी वसतिगृहापासून कॉलेजपर्यंतचा एकच रस्ता वापरला. मग धीर आला. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे, तेव्हा मी मुद्दाम कुठल्याही गल्लीत शिरायचो आणि ती संपेपर्यंत चालायचो. काही गल्ल्या कुणाच्या तरी अंगणात संपत. अंगणातली बाई विचारी, "कोन पायजे?" मी म्हणे, "कोनी नाही," आणि उलटा फिरे.

अशाच एका रविवारी मार्केटच्या मागच्या गल्लीत ती पाटी दिसली. टिनाच्या पत्र्यावर निळ्या रंगानं लिहिलेलं: कोरिया भोजनालय. खाली बारीक अक्षरात, येथे घरगुती जेवण मिळेल.

मी पाटीखाली बराच वेळ उभा राहिलो. कोरिया मला शाळेतल्या नकाशापुरता माहीत होता. चीनच्या कडेला लोंबणारा एक तुकडा. तिथलं घरगुती जेवण वाशीममध्ये कसं मिळेल, आणि मिळालं तर ते कुणाच्या घरचं, हे काही उलगडेना. आत कुणी चपट्या नाकाचा माणूस असेल म्हणून वाकून पाहिलं. आत आपल्याकडचाच एक काळा, उंच, मिशीवाला माणूस मोठ्या भांड्यात पळी फिरवत होता. त्याच्या मागे चुलीशी त्याची बायको भाकरी थापत होती. बाकड्यांवर हमाल आणि गाडीवान दाटीवाटीनं जेवत होते.

"आत ये, नाहीतर वाटेतून सरक," तो माणूस म्हणाला. "काय देऊ?"

"काय आहे?"

"भाकर हाय, वरन हाय, भात हाय. अन् कोरिया हाय."

"कोरिया म्हंजे काय?"

माझ्या शेजारी बसलेला हमाल मान वर न करता म्हणाला, "खाऊन पाह्य ना बे. मी रोज खाऊन राह्यलो, मेलो काय?"

"तुही बायको म्हनते का मेला तर बरं होईन," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

माझ्यापुढे जर्मनचं ताट आलं. ताटात भाकरी, एका वाटीत लाल रस्सा आणि रश्श्यात चक्क शेवया. शेवया आमच्याकडे दुधात असतात, गुळात असतात, पाहुणा आला की असतात. इथं त्या तिखटात बुडाल्या होत्या. वर पत्ताकोबीचे लाल, आंबूस वासाचे तुकडे. पहिल्या घासाला वाटलं, हे नासलंय. दुसऱ्या घासाला लसूण लागला, मिरची लागली. तिसऱ्या घासाला मी पाणी मागितलं, आणि मग थांबलोच नाही. आवडलं की नाही ते मला ताट संपेपर्यंत कळलं नव्हतं.

जेवण सगळ्यांत स्वस्त होतं, म्हणून मी दर रविवारी जाऊ लागलो. हळूहळू कळत गेलं. मालक फौजेत लंगरवर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकावर, होता. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांवर पहारा द्यायला आपली फौज गेली होती, तिच्यासोबत तो गेला.

"कैदी बी कसे," तो सांगे, "म्हनत, आमाले घरी जाचंच नाही. मानूस कैदेतून सुटून घरीच जाते ना? हे नाही म्हनत. मले तर काही समजेच ना."

त्यांतल्या एका कैद्यानं त्याला कोबी आंबवायला शिकवली होती. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती, हातानं दाखवून. परसात गळ्यापर्यंत पुरलेला रांजण होता. मिठात मुरवलेली कोबी, वाटलेली लाल मिरची, लसूण, आलं त्यात दाबून वर दगड ठेवायचा. कोबीचे दिवस सरले की मुळा. नोकरी सुटल्यावर तो वाशीमला आला आणि बायकोच्या भाकरीबरोबर हे विकायला लागला. तो पैनगंगेपलीकडचा, इथं त्याचं गणगोत कुणी नव्हतं. कुणी जात विचारली तर म्हणायचा, "पलटनीवाला." लोक हसत आणि जेवत. त्याचं नाव कुणी घेत नसे. कोरियावाला म्हणत. मी त्याला मामा म्हणू लागलो आणि त्याच्या बायकोला मामी.

आता ती माझी सवय सांगायला हवी. आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर आमच्या कपबश्या वेगळ्या होत्या. पिऊन झालं की आपणच विसळून कोनाड्यात ठेवायच्या. वाशीममध्ये मला असं कुणी करायला सांगितलं नव्हतं, पण जेवण झालं की माझे हात आपोआप ताट उचलत. एका रविवारी मी ताट घेऊन थेट मागच्या मोरीशी गेलो. मामी ओरडली, "अरे ठेव तेथी, तू काय पाहुना होऊन भांडे घासतं?" मी ओशाळून मान फिरवली, तर चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, बुद्धाची मूर्ती. लाकडाची, वीतभर. चेहरा आमच्या विहारातल्या मूर्तीसारखा नव्हता, डोळे अगदीच बारीक, पण बुद्धच.

मला काय झालं ते सांगता येत नाही. एकदम छाती भरून आली. एवढ्या दिवसांत हे आपल्याला कसं कळलं नाही! पलटणीवाला, जात न सांगणारा, माझ्यासारख्याला न विचारता ताट देणारा, तर हा आपलाच माणूस. मी ताट तिथंच ठेवलं, पुढे आलो आणि भरल्या बाकड्यांसमोर हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "जय भीम, मामा!"

त्यानं पळी फिरवता फिरवता वर पाहिलं. "जय भीम!" तोही मोठ्यानं म्हणाला.

त्याची एक रीत होती, ती माझ्या लक्षातच आली नव्हती. तो रामराम करणाऱ्याला रामराम म्हणे, सलाम करणाऱ्याला सलाम. जो जे घालेल ते तो परत देई. मला ते उत्तर म्हणजे कबुली वाटली. आणि मला जे वाटलं तेच बाकड्यांवरच्या लोकांनाही वाटलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा घास हातात राहिला. त्यानं तो ताटात ठेवला, हात धुतला आणि बाहेर गेला. मला वाटलं, जेवण झालं असेल.

पुढच्या रविवारी मी वसतिगृहातल्या आमच्या पोरांना घेऊन गेलो. "आपल्या मानसाचं हाटेल हाय," असं त्यांना वाटेत सांगत होतो, जसं काही ते मीच बांधलं होतं. बाकडी मोकळी होती. आम्ही ऐसपैस बसलो. पोरांनी शेवयांची टिंगल केली, मग दोनदा मागून घेतल्या. मामा नेहमीसारखा बडबडत होता. मामी ताटात भाकरी टाकून लगेच चुलीकडे वळत होती.

त्यानंतर मी बाजाराच्या दिवशी गेलो, त्या दिवशी खानावळीत पाय ठेवायला जागा नसते. भांडं काठोकाठ भरलेलं, आणि आत माणूस नाही. मामा पुढच्या दारात बिडी ओढत बसला होता.

"आला काय?" मामी आतून म्हणाली. "ये ना, बस. कोठी बी बस. जागाच जागा हाय तुह्या किरपेनं."

"काय झालं, मामी?"

"काय झालं इचारते! तू जय भीम केलं अन् बाजार उठला. अरे, आमी कुनबी आहो बापा. तुले कोनं सांगतलं आमी तुमच्यातले म्हनून?"

मी मूर्तीकडे बोट दाखवलं.

"ते व्हय? ते याच्या कैद्यानं खोक्याच्या फळीतून कोरून देल्लं. हा मानूस ते बायकोपक्षा जपते. म्या म्हनलं राहू दे, देवच हाय. अन् तू त्याची जात काढून ठेवली!"

माझे कान तापले. आपण एका गरीब माणसाचा धंदा बसवला, हे कळलं. त्याचबरोबर मामीचं 'तुमच्यातले' हे कुठंतरी टोचलं. राग यावा की लाज वाटावी, ते ठरेना. दोन्ही एकदम आलं. मी बाहेर येऊन मामासमोर बसलो.

"मामा, सांगून द्या ना लोकायले."

"काय सांगू?"

"का तुमी आमचे नाही म्हनून."

"काहून सांगू?" त्यानं बिडी दगडावर विझवली. "जेवाले येते का सोयरीक कराले येते हे लोकं?"

"अवो पर धंदा..."

"धंद्याचं पाहू."

"काय पाहतं?" मामी चुलीवरून उठून आली. "रांजन भरला पडला. तुहा कोरिया काय माही सासू येऊन खाईन वरून?" मग ती माझ्याकडे वळली. "हा बोलत नाही. याले लय मस्ती हाय पलटनीची. तू बोल. तुह्याच तोंडानं झालं, तुह्याच तोंडानं निस्तर."

मामा उठून परसात गेला. तो गप्प राहिला म्हणजे त्याला चालेल, असा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

आणि मी मार्केटात गेलो. तुरीच्या पोत्यांपाशी ओळखीचे हमाल बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आमाले काही नाही बापा, पर माल उतरवला का जेवू घालते ते हे पाटीललोकं, तेच येत नाहीत तर आमी कोनाच्या पैशानं जेवू? म्हणून मी गाड्यांकडे गेलो. तो म्हातारा शेतकरी तिथंच होता. त्याच्याभोवती आणखी काही जण होते. मी म्हणालो, "बाबाजी, माही चूक झाली. कोरियावाला आमच्यातला नाही."

"पक्कं?"

"पक्कं. कुनबी हायेत ते. त्याईच्या हातचं खाले काही हरकत नाही."

म्हाताऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं बापा सांगतलं. मले तं कोरियाबिगर भाकरच गोड लागेना." मग माझ्याकडे पाहून, लांबूनच म्हणाला, "शहानं पोट्टं हायेस."

खरी कबुली पुढेच आहे. मला बरं वाटलं. त्यानं मला शहाणा म्हटलं याचं मला बरं वाटलं, आणि मी परतताना जवळजवळ पळत होतो.

त्याच दुपारी बाकडी भरली. मामीनं माझ्या ताटात शेवया शिगोशीग घातल्या. मी खाल्ल्या. मामा पळी फिरवत होता, त्याचं काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं. गर्दी ओसरली तसा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी तुले जय भीम म्हनलो होतो का नाही?"

"हो."

"मंग तू तो वापस काहून केला?"

मी मामीकडे पाहिलं. ती भांडी घासत होती, जोरजोरानं. त्यानं कोणता राग धरला होता? आपल्याला न विचारता मी बोललो याचा? की एका कैद्यानं काही न विचारता दिलेली वस्तू मी बाजारात मांडली, याचा? की तो नुसताच हट्टी माणूस होता, मामी म्हणते तशी पलटणीची मस्ती? मला त्या वेळी वाटलं, याच्यासाठी एवढं केलं आणि हा मलाच विचारतोय. मी ताट मोरीत ठेवलं आणि निघून आलो.

खानावळीत नेलेल्या वसतिगृहातल्या पोरांपैकी एक जण त्या दिवशी मार्केटात होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या काकाची गाडी आली होती. वर्गात मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला, डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा माझ्यासमोर धरला.

"त्याच्या हातचं चालते. माह्या हातचं?"

मी तुकडा घेतला आणि खाल्ला. तो बघत राहिला, मग निघून गेला. पुढे आम्ही बोलत होतो, एकत्र अभ्यासही केला, पण खानावळीत तो कधी गेला नाही. मीही शिकत होतो तोवर नाही गेलो. पुष्कळ वर्षांनी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मले काही याद नाही गड्या." याद होतं. त्याआधी नोकरीचं, पोरांचं बोलताना तो माझ्याकडे पाहत होता, माफी मागितल्यावर एकदाही पाहिलं नाही.

मला मानोऱ्याकडच्या तांड्यांवर नोकरी लागली, मग शेलूबाजारला बदली झाली. पगाराच्या कामानं वाशीमला जावं लागे. स्टँडवरून मार्केट लांब नव्हतं, तरी मी त्या गल्लीकडे वळत नसे. डोक्यात मात्र चाललेलं असे. जय भीम म्हणालो ती चूक होती का? नाही, ते कसं चूक असेल! मग त्यांचा धंदा बसला तो? तो लोकांनी बसवला, मी नाही. मग मी मार्केटात जाऊन तो परत उभा केला, ते चांगलं काम झालं ना? मामीचं पोट त्यावर होतं. प्रत्येक वेळी हिशेब इथपर्यंत बरोबर येई आणि पुढे म्हाताऱ्याचं ते 'शहानं पोट्टं' आठवे, की सगळा विस्कटे. मी तिथं सांगत काय होतो? की आमच्या हातचं खायला हरकत आहे. ते तर मीच सांगत होतो. कुणी विचारलंही नव्हतं.

दशक संपत आलं होतं तेव्हा एका हिवाळ्यात मी गेलो. शाळेतल्या पोरांना मी एका भांडणात एकमेकांची माफी मागायला लावली होती, आणि एक पोरगी म्हणाली होती, "मोठे मानसं कधी मागते का गुरुजी?" त्या शनिवारी वाशीमच्या गाडीत बसलो.

पाटीचा रंग उडाला होता, नवा दिलेला नव्हता. दुपारची गर्दी सरली होती. मामा पुढच्या बाकड्यावर बसून लसूण सोलत होता, डोळ्यांवर चष्मा. मामी चुलीशीच होती, तशीच.

"मास्तर झाला म्हने तू," तीच आधी बोलली. जणू मी गेल्या रविवारी येऊन गेलो होतो. "जाडा झाला. बस. जेवतं?"

"जेवतो. पहिले एक बोलाचं हाय."

मामानं चष्म्यावरून पाहिलं. लसूण सोलणं थांबवलं नाही.

एसटीत मी सगळं पाठ केलं होतं. पण ते मामाशी एकट्याशी बोलायचं म्हणून केलं होतं. मामीसमोर कसं बोलू? जे केलं ते चुकलं म्हणावं, तर तिची चूल पुन्हा पेटली तेही चुकलं असा अर्थ होतो. तिनंच मला धाडलं होतं, आणि तिला दोष द्यावा असं तिनं तरी काय केलं होतं? मी थांबलो, ती पाणी आणायला परसात जाईल म्हणून. ती गेली नाही. हात पुसून चुलीपुढेच बसली आणि म्हणाली, "बोल ना, कायले तोंड पाहून राह्यला?"

म्हणून मी दोघांसमोर बोललो. पाठ केलेलं काही आलं नाही. जे आलं ते असं होतं:

"मामा, मी तवा मार्केटात जाऊन बोललो, ते मले बोलाले पायजे नव्हतं. तुमाले इचारलं नाही अन् तुमच्या नावानं बोललो. मामी, तुमची चूल पेटली त्याचं मले वाईट नाही, खोटं कायले सांगू. पन म्या जे शब्द बोललो ते माह्या बापाले, माह्या मायले खराब बोललो, अन् वरून शाबासकी घेतली. मले माफ करजा. तुमी दोघं बी करजा."